दहा गुंठे जमीन आणि हजार रुपयांचं टोकन

मी, साहेबराव कडूबा दांडगे, वय बहात्तर, धंदा मंडप डेकोरेशन, राहणार गुलमंडीच्या मागची गल्ली, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तपासताना त्यांनी राज्यावर कर्ज किती हे विचारलं नाही, नाहीतर आकडा ऐकून आम्हा दोघांचीही शुद्ध गेली असती. आज मार्चअखेर आहे. कचेऱ्यांमध्ये उरलासुरला निधी संपवायची पळापळ चालू आहे, तेव्हा मीही माझं काय उरलंय ते वाटून मोकळा होतो. सर्व मिळकत स्वकष्टाची आहे, वडिलोपार्जित काही नाही.

कलम १. राहतं घर पत्नी सौ. गोजरबाई हिला. तिच्या हयातीत कुणी विकायची भाषा काढू नये. तिच्यामागे मुलगा सुदर्शन आणि मुलगी रूपा यांना निम्मं-निम्मं. या घराची घरपट्टी मी एक वर्षही थकवली नाही. थकवणाऱ्यांना व्याजमाफी मिळते आणि वेळेवर भरणाऱ्याला पुढच्या वर्षी वाढीव बिल मिळतं, हे कळायला मला लई उशीर झाला. पोरांनी काय धडा घ्यायचा तो घ्यावा.

कलम २. बँकेतली ठेव तीही गोजरबाईला. तिच्या व्याजातून कर आधीच कापला जातो. तो रस्त्याला, शाळेला, दवाखान्याला लागतो असं म्हणतात. लागत असेल. मला तो स्वागताच्या कमानींना लागताना दिसला, कारण कमानी मीच उभारत होतो.

कलम ३. खुर्च्या, कनाती, लाल गालिचा, कोनशिलेवरचा मखमली पडदा आणि टेम्पो हे सगळं कारभारी गायके याला. आम्ही दोघांनी मिळून हा धंदा उभा केला. एकाच पुलासाठी आम्ही चार वेळा मंडप घातला. चौथ्या वेळी कारभारी म्हणाला, "मालक, आता बांबूचे खड्डे बुजवायचेच नाय. परत उकरायचा ताप कोण घेणार?" तो पूल अजून झाला नाही, पण खड्डे पक्के आहेत. याच सामानातली भूमिपूजनाची कुदळ, जिला चंदेरी कागद गुंडाळलेला आहे, तेवढी सुदर्शनला द्यावी. वीस वर्षांत तिनं वीतभरही माती काढलेली नाही, त्यामुळे धार शाबूत आहे.

कलम ४. सुदर्शन पुढाऱ्यांच्या मागं फिरतो. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीसमोर बसून मला समजावतो, "अण्णा, तूट म्हणजे विकास असतो." मी खर्च जास्त अन् कमाई कमी केली असती तर याच पोरानं मला येडं म्हटलं असतं. असो. सरकारी कार्यक्रमांची जी बिलं निधीअभावी अडकली आहेत, ती सर्व मी सुदर्शनला देतो. बिल पाठवलं त्याच महिन्यात मी जीएसटी भरला होता, म्हणजे जे पैसे सरकारनं मला दिलेच नाहीत, त्यावर मी सरकारला कर दिला. असं कसं, हे मला तीन सीएंनी समजावलं आणि तिघांनीही फी घेतली. सुदर्शनच्या वरपर्यंत ओळखी आहेत. त्यानं वसुली करावी आणि विकास अनुभवावा.

कलम ५. आता खरं सांगायचं ते. हे कलम नीट वाचावं, बाकी चुकलं तरी चालेल.

देवगाव रंगारीच्या पुढं आमची वाडी आहे. तिथं रस्त्यालगत माझी दहा गुंठे जमीन आहे. वाडीत दवाखाना नाही. सुनेला कळा लागल्या की जीप शोधायची, म्हाताऱ्याला धाप लागली की जीप शोधायची. म्हणून ही जागा मी आरोग्य उपकेंद्रासाठी फुकट देऊ केली. पण सातबारा आजही माझ्याच नावावर आहे, कारण फुकटची जमीन नोंदवून घ्यायलासुद्धा तरतूद लागते म्हणे.

पुढं एका फाल्गुनात सरपंच अप्पाराव धावत आले. "साहेबराव, बजेटमधी आपलं टोकन आलं. नंबर लागला!" आमच्याकडं टोकन म्हणजे कापूस खरेदीचं. टोकन मिळालं की गाडी रांगेत लागते आणि आज ना उद्या माप होतं. सगळ्या वाडीनं तोच अर्थ घेतला. मीही घेतला. पेढे वाटले, हलगी वाजली, सिल्लोडच्या पाहुण्यांना फोन गेले. पुढं कळलं की टोकन तरतूद म्हणजे कोटीच्या कामापुढं हजार रुपये लिहून ठेवायचे, काम यादीत जिवंत दिसावं म्हणून. त्या हजारात आमचे पेढेही बसत नव्हते.

तेव्हापासून दरवर्षी टोकन येतं. तीनदा भूमिपूजन झालं. तिन्ही वेळा मंडप माझाच होता. तिसऱ्या वेळी गोजरबाईनं मोठ्या साहेबांना तोंडावर विचारलं, "साहेब, माझा बीपी तुमच्या कोणत्या बजेटात बसतो?" साहेब हसले. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली, कारण साहेबांची खुर्ची माझी होती.

रूपा नर्स आहे, सरकारी दवाखान्यात कंत्राटावर होती. मानधन सहा-सहा महिने यायचं नाही. तिनं ते सोडलं आणि या जागेवर पत्र्याच्या दोन खोल्या टाकल्या. कन्नडहून एक डॉक्टरीणबाई मंगळवारी येतात. बाकीचे दिवस रूपा बीपी, शुगर बघते, ड्रेसिंग करते, गरोदर बायांच्या तारखा सांभाळते. परवाच कारभारीच्या गरोदर सुनेचा बीपी चढलेला तिनं ओळखला आणि वेळेत शहरातल्या घाटी दवाखान्यात पाठवलं. दोन्ही जीव नीट आहेत.

आणि गेल्या महिन्यात सुदर्शन माझ्यापुढं येऊन बसला. चौथं भूमिपूजन ठरलंय म्हणे. "अण्णा, त्या दोन खोल्या पाडाव्या लागतील. कागदावर जागा मोकळी आहे. साहेब आले अन् तिथं दवाखाना दिसला तर कसं वाटंल?"

मी म्हणालो, "दवाखान्यासारखं वाटंल."

तो चिडून गेला. अजून बोलत नाही. पोटचं पोर आहे, त्याचं न बोलणं मला लागतं. पण माझे डोळे मिटले की तो खोल्या पाडील, हे मला दिसतंय आणि त्याच भीतीपोटी मी आज लिहायला बसलो आहे.

म्हणून ही दहा गुंठे, खोल्यांसह, मी एकट्या रूपाला देतो. सुदर्शनचा तिथं काडीचा हक्क नाही. सरकारला मी तोंडी आणि अर्जानं जे देऊ केलं होतं, ते अ‍ॅड. निशा साळवे यांच्यामार्फत रीतसर मागं घेतलं आहे. ते मागं घेतल्याचीही नोंद घ्यायला कुणाला सवड झाली नाही, पण पोच आमच्याकडं आहे. सरकारनं खरंच कधी केंद्र बांधायला घेतलं, विटा येऊन पडल्या, गवंडी कामाला लागला, तर रूपानं जागा आनंदानं सोडावी. नुसते मंत्र म्हटले तर सोडू नये.

कलम ६. शेवटचं. मागच्या आठवड्यात या जागेवर सरकारचा पहिला कागद आला. घरपट्टीची मागणी आहे. वाणिज्य वापर, दिवाबत्ती कर आणि त्याखाली आरोग्य कर. वाडीत दवाखाना बांधायला कुणी आलं नाही, पण रूपानं बांधला तसा त्यावर आरोग्य कर लावायला माणूस मोटरसायकलवर आला. रूपा म्हणाली, "अण्णा, मी नाय भरणार. कोर्टात जाते." तिचा राग रास्त आहे.

पण माझं ऐकावं. हा कर माझ्या पैशातून, माझ्या दहाव्याच्या खर्चाआधी भरावा, आणि पुढंही दरवर्षी भरत राहावं. पावती घेताना एकच बघावं, मिळकतीच्या वर्णनात "दवाखाना" हा शब्द शाईनं स्पष्ट लिहिलेला असावा. खोल्या पाडायला जो येईल त्याच्यापुढं ती पावती धरावी. कागदावर जागा मोकळी आहे असं म्हणणाऱ्या सरकारनं आमच्या वाडीत दवाखाना आहे हे फक्त त्या पावतीवरच कबूल केलेलं असेल.

लिहून देणार: साहेबराव कडूबा दांडगे (सही)

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली म्हणून साक्ष:
१. कारभारी गायके, मंडप कामगार (सही)
२. अ‍ॅड. निशा साळवे (सही)

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ३१ मार्च २०२५