कष्टाळू, प्रामाणिक, प्रयत्नशील

सर,

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला काही विचारावं असं कधी अडलं नव्हतं. आता अडलंय. चाळिशीला टेकल्यावर मी मॅनेजमेंट शिकायला निघाले आहे. कॉलेज ड्युसेलडॉर्फला, नोकरी सांभाळून शिकायचं, आणि ते केल्याशिवाय आमच्या वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत मला तपासणी विभागाची प्रमुख कोणी करणार नाही. गुण आहेत, अनुभव आहे. हवं आहे ते वरिष्ठांचं दणदणीत शिफारसपत्र, म्हणजे माझ्या शेफिनचं. शेफिन म्हणजे जर्मनमध्ये बाई बॉस, स्वयंपाकघराशी काही संबंध नाही. इथे एर्लांगेनमध्ये बॉसलाही एकेरी नावाने हाक मारतात. माझी जीभ अजून अडखळते.

ती म्हणाली, "तुझ्याबद्दलचे चार मुद्दे दे, पत्र मी लिहिते." मी दिले. कष्टाळू, प्रामाणिक, वेळ पाळणारी, मिळूनमिसळून वागणारी, सतत प्रयत्नशील. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी तिने मला गाठलं. "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', "तुला प्रवेश हवाय की नकोय?" मला काही कळेना. मग तिने समजावलं. इथे नोकरी सोडणाऱ्याला कंपनीने प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्यात कोणाबद्दल वाईट लिहायची सोय नाही, म्हणून वाईटही गोड शब्दांत लिहितात. प्रयत्नशील, त्यांच्या भाषेत 'बेम्यूट', म्हणजे धडपडला बिचारा, जमलं काही नाही. मिळूनमिसळून वागणारी म्हणजे कामापेक्षा गप्पा जास्त. आणि वेळ पाळणारी म्हणजे याखेरीज सांगण्यासारखं काही सापडलंच नाही. ती शिफारसपत्रांतही असे शब्द येऊ देत नाही.

मी हसले खरी. पण ते शब्द माझे नव्हते सर, तुमचे होते. जर्मनीला शिकायला येताना तुम्हीच मला पत्र दिलं होतंत. सांगलीच्या कॉलेजची ती लॅब, तुम्ही दोन बोटांनी टाइप करताय, कागद पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मल्टिमीटर ठेवलाय, आणि मी बाजूला श्वास रोखून उभी आहे. सिन्सिअर, हार्डवर्किंग, सतत प्रयत्न करणारी विद्यार्थिनी. मी तरंगतच घरी गेले. तोवर तुमच्याकडून कौतुक म्हणून काही ऐकलंच नव्हतं. जोडणी चुकली की "घाई कशाची? गाडी सुटत्येय?" आणि बरोबर आली की "हं, पुढचं." त्या 'हं'मध्ये शाबासकी किती आणि कंटाळा किती, हे आम्हा कुणालाच कधी कळलं नाही. आता त्या पत्राचंही कळेनासं झालंय. आपल्याकडे हे शब्द खरंच कौतुकाचे होते, की तुम्ही ते सगळ्यांनाच द्यायचात, सत्यनारायणाच्या प्रसादासारखे, येईल त्याच्या हातावर? मी हुशार होते की नुसती बेम्यूट? इतकी वर्षं ज्या पत्राच्या जोरावर मान वर करून इथे वावरले, त्याचा अर्थ मला लागत नाहीये, आणि त्याचा मला रागही येतोय. तुमचा, की माझा, तेही नीट सांगता येत नाही.

"मग तूच सांग, तू चांगलं काय करतेस?" शेफिनने विचारलं. आपली आरती आपणच कशी ओवाळायची? कॉफी निवत चालली आहे, ती वाट बघते आहे. शेवटी मी म्हणाले, "माझे सर म्हणायचे, ही पोरगी बिघाड सापडल्याशिवाय जागची हलत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर!" ती जवळजवळ ओरडलीच. "मागच्या हिवाळ्यात त्या बिघडलेल्या एक्स-रे यंत्राचा नाद सगळ्यांनी सोडला होता. बिघाड सापडेपर्यंत तू बसून राहिलीस. हेच तर मला लिहायचंय!"

तिने ते लिहिलं, तुमच्या हवाल्यासकट, आणि तिचं पत्र काल गेलं. बिघाडाची गोष्ट खरी आहे. वाक्य तेवढं तुमचं नाही. तसं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात, सर. हे कुणाला कबूल करायचं, आणि कुठल्या पत्त्यावर? ड्युसेलडॉर्फहून होकार येईल की नकार, याची धाकधूक आहेच. पण खरं सांगू, त्याहून जास्त मला हे हवंय, की तुम्ही तसं म्हणाला असतात का, ते कोणीतरी मला सांगावं.