लाल दोऱ्याचे दोन टाके

ता. २ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, खोक्यात सगळ्यात वर ठेवतोय, म्हणजे सामान मोजण्याआधी तू ते वाचशील. अर्थात तू आधी सामानच मोजशील, हे मला ठाऊक आहे. काचेचे ग्लास बत्तीस, टीपकागदाचा गठ्ठा, भिंगं आठ, घेवड्याच्या बियांची पिशवी आणि मुलांच्या नोंदवह्या. एक भिंग तडकलंय, ते मीच सांगून टाकतो.

अखेर आमची शेती-विज्ञानाची गाडी तुझ्या शाळेत येतेय. अकरा वर्षं मी ती शाळाशाळांतून फिरवतोय आणि तुमच्या मोठ्या बाई दर वेळी अभ्यासक्रम पुरा व्हायचाय म्हणून नाक मुरडायच्या. या वर्षी त्यांना कसं पटवलंस, ते सविस्तर कळव. सहावीच्या मुलांकडून काय करून घ्यायचं ते मी तुला काय शिकवणार? टीपकागदाची गुंडाळी ग्लासात, काच आणि कागद यांच्यामध्ये बी, तळाला बोटभर पाणी आणि रोज एक ओळ नोंद. पुढे रोपं मैदानाकडेच्या वाफ्यात, मग माती तपासणं, खत, शेंगा मोजणं, असे दहा आठवडे. पुस्तकातलं मूळ आणि खरं मूळ यांतला फरक भिंगातून दिसला की वर्ग एकदम गप्प होतो. मला त्या शांततेचं वेड आहे, दुसरं काही नाही.

एक विनंती. लाल शाईचं पेन घरी ठेव, नोंदवहीत शुद्धलेखन तपासत बसू नकोस. आणि कृपा करून स्वतःचा ग्लास मांडू नकोस. तुझ्या हाताला गुण नाही. आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आपले दोन ग्लास होते, माझं बी तरारलं आणि तुझं कुजलं, याला बेचाळीस वर्षं झाली तरी पुरावा शिल्लक आहे. बाबांनी त्या सकाळी ठेवलेलं नाव मी अजून वापरतोय. तुला कधी कुणी कोंब म्हणालं का?

ही बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर माझी तक्रार नाही.

तुझा
कोंब


ता. १३ जानेवारी

चि. कोंब यास,
अनेक आशीर्वाद.

सामान मोजलं. भिंगं सात भरली, तडकलेलं धरून. फोनवर तू हो-हो करतोस आणि विसरतोस, म्हणून हे लिहून ठेवते.

सोमवारी, सहा तारखेला बिया लावल्या. वर्गाच्या पूर्वेकडच्या खिडकीत बत्तीस ग्लास ओळीने उभे आहेत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. मुलं शाळा सुरू व्हायच्या आधी येऊन नाक काचेला लावून बसतात. प्रार्थनेला उशीर होतो म्हणून मोठ्या बाई माझ्यावर डाफरतात, आणि मी आनंदाने ऐकून घेते.

एका मुलीबद्दल तुला सांगायचंय. शाळेच्या फाटकासमोर शिंपीणबाईंचं दुकान आहे, त्यांची ही मुलगी. वर्षभर तिने तोंडातून शब्द काढला नाही, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. तिचं बी कागदावरून सारखं खाली घसरायचं, तर दुसऱ्या दिवशी ती घरून सुई घेऊन आली आणि लाल दोऱ्याचे दोन टाके घालून तिने बी कागदाला बसवून टाकलं. तिची वही बघ म्हणजे कळेल. तिसऱ्या दिवशी लिहिलंय की बी फुगलं, टाका घट्ट झाला. सहाव्या दिवशी, काही नाही, वास येतो. आणि आज तिने हात वर करून चक्क विचारलं की सगळ्यांच्या बिया एकदम आजारी कशा पडल्या. मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते.

प्रश्न बरोबर आहे. आज आठवा दिवस, बत्तिसांपैकी चार उगवल्यात आणि बाकीच्या बुळबुळीत झाल्यात. तुझी पिशवी होती कुठे इतके दिवस? मला ताज्या बिया पाठव, पण या मी फेकणार नाही. दोन्ही शेजारी ठेवून काय बिघडलं ते मुलांनाच शोधू दे. वीस वर्षं मी फळ्यावर खडूने बी काढतेय आणि ते दर वर्षी उगवतं. न उगवलेलं बी पहिल्यांदाच वर्गात आलंय.

तुझ्या बायकोला गुडघे शेकायला सांग. तुझ्यावर जीव आहे, तो काही तुझ्या सांगण्यावर नाही.

तुझी
ताई


ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बियांची काळजी करू नकोस. गोदामवाल्याने जुना माल दिला असणार, त्याची कानउघाडणी करतो. आणखी दोन शाळांतून हीच ओरड आहे.

पण ताई, तुझा तो शोध घेण्याचा बेत जरा पुढे ढकल. गुरुवारी, तेवीस तारखेला आमचे मोठे साहेब तुझ्याच वर्गात येणार आहेत. पुढची तीन वर्षं कार्यक्रम चालू ठेवायचा की गाडी विकायची, ते त्यानंतर ठरेल. वह्याही ते चाळतात. म्हणून तोवर मुलांना नोंदी थोड्या हात राखून लिहायला सांग. मी बुधवारी शाळा सुटल्यावर येऊन सगळं मांडून ठेवीन, तू थांबायची गरज नाही.

ही चिडलीय. गॅलरीत मी रोपांचे ट्रे भरून ठेवलेत, कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. तिला सांगितलं की ताईच्या हाताला गुण नसला तरी तिच्या भावाच्या हाताला आहे. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा
कोंब


ता. २४ जानेवारी

चि. कोंब यास,
आशीर्वाद.

काल तू न थांबता गेलास ते बरं झालं. समोर असतास तर मी काय बोलले असते याचा नेम नाही.

बुधवारी शिपायाला चावी द्यायला सांगून मी घरी गेले. गुरुवारी सकाळी बत्तीसच्या बत्तीस ग्लासांत हिरवीगार रोपं होती. मुलं नाचली. क्षणभर मीही हरखले, ते लपवत नाही. मग जवळ जाऊन पाहिलं आणि तुझ्या गॅलरीतले ट्रे आठवले.

पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी लिहिते, कारण तू ते विसरायच्या तयारीत असशील. साहेब, मोठ्या बाई आणि फोटोवाला खिडकीशी असताना शिंपीणबाईंची मुलगी उभी राहिली. म्हणाली की हे माझं नाही, माझ्या कागदाला दोन टाके होते. तू तिच्याजवळ गेलास, वाकलास आणि अगदी गोड आवाजात सांगितलंस की मूळ वाढलं की दोरा पाण्यात विरघळतो. ती म्हणाली की दोरा विरघळत नाही, नाहीतर आई शिवते ते सगळे कपडे पहिल्याच धुण्यात उसवले असते. वर्ग तुला हसला. साहेबही हसले. मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं की असं होतं का हो बाई. तूही माझ्याकडे पाहिलंस, लहानपणी काही फोडलंस की पाहायचास तसं. आणि मी त्या मुलीला सांगितलं की खाली बस.

ती बसली. दुपारी मी तिची वही उघडली. अठरावा दिवस, ग्लासावर माझं नाव आहे, आतलं बी माझं नाही, बाईंना माहीत आहे. एवढंच होतं. वह्या प्रदर्शनात जायच्या म्हणून मोठ्या बाईंनी ते पान फाडून घेतलं. मी शेजारीच उभी होते.

तीन तारखेच्या सोमवारी ये आणि वर्गाला खरं काय ते सांग. रागावून लिहीत नाही, असं लिहिणार होते, पण रागावूनच लिहितेय. ती मुलगी वर्षातून दोनदा बोलली आणि दुसऱ्यांदा मी तिला गप्प केलं, तुझ्यासाठी.

ताई


ता. २९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

मी येणार नाही.

कार्यक्रमाला तीन वर्षं मिळाली. चाळीस शाळा. चाळीस खिडक्यांत ग्लास लागतील, ते एका पोरीच्या दोऱ्यासाठी मी उधळून लावू? पिशवीचंही खरं सांगतो. गोदामवाल्याचा दोष नव्हता. मागच्या उन्हाळ्यात मीच ती पत्र्याच्या शेडमध्ये विसरलो आणि बिया भाजून निघाल्या. उगवलं नाही, उगवलं नाही अशा ओळी साहेबांनी अठ्ठावीस वह्यांत वाचल्या असत्या, तर गाडी माझ्याकडे राहिली नसती. आम्हाला मूलबाळ नाही. ही आणि ती गाडी, एवढाच माझा संसार आहे, हे तुला वेगळं सांगायला हवं का?

आणि मी मुलांचं काय वाईट केलं? त्यांना आधी आनंद मिळायला हवा, शंका पुढे आयुष्यभर आहेतच. माझंच बघ. त्या खिडकीतलं एक बी उगवलं नसतं तर मी कुठल्यातरी कचेरीत शिक्के मारत बसलो असतो. त्या एका सकाळवर माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी उभी आहे. तशी सकाळ मी बत्तीस मुलांना दिली.

शिवाय खाली बस, असं तू म्हणालीस, मी नाही. जन्मभर सगळ्यांना बरोबर-चूक लावत आलीस. त्या दिवशी तुझं लाल पेन कुठे होतं?

राग निवळला की लिही.

तुझा
कोंब


ता. ५ फेब्रुवारी

चि. कोंब यास,

ते बी माझं होतं.

तुला गोवर आला होता. तू आतल्या खोलीत पडून दर तासाला विचारायचास की आलं का, आलं का. तुझं बी पाचव्या दिवशीच कुजलं होतं, ग्लासाला वास मारत होता. मी बारा वर्षांची होते. तू उठायच्या आधी मी चिठ्ठ्या बदलल्या. मग बाबा दाढीचा साबण तसाच तोंडाला असताना आले, त्यांनी तुला उचलून खिडकीशी नेलं आणि कोंब म्हणून हाक मारली. मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं. तेव्हापासून माझ्या हाताला गुण नाही म्हणून तू चिडवतोस आणि मी हसते. तुझी ती सकाळ, जिच्यावर तुझं सगळं उभं आहे, ती मी बनवलेली आहे. आता तू तशा बत्तीस बनवल्यास, आणि मला वाटतं की हे माझ्यापासूनच सुरू झालं.

सोमवारी मीच वर्गाला सांगितलं. माझ्या भावाने ग्लासांतले कागद बदलले आणि मला ते कळलं होतं तरी मी गप्प बसले, असं सरळ सांगितलं. मग एकाने विचारलं की आता आमचे गुण कापणार का. शिंपीणबाईंच्या मुलीने वही काढली, चाळली आणि मिटून ठेवली. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं की आज लिही ना. तिने खाली बघूनच सांगितलं की ते पान नाहीये. त्यानंतर ती बोललेली नाही. हजेरीला पुन्हा हात वर करते.

मोठ्या बाईंनी माझ्याकडून विज्ञान काढून घेतलं. निवृत्तीला चार वर्षं आहेत, ती आता ग्रंथालयाच्या खोलीत पुस्तकांना कव्हरं घालण्यात जातील. तुझ्या साहेबांना मी काही कळवलेलं नाही. ते तुझं तू बघ.

ताई


ता. १२ फेब्रुवारी

ताई,

मला ते माहीत होतं.

घेवड्याच्या पोटावर मी पिनेने रेघ ओढली होती, माझं मला ओळखू यावं म्हणून. जे उगवलं त्याच्यावर रेघ नव्हती. बाबांनी उचललं तेव्हा त्यांच्या खांद्यावरून मला तू दिसलीस. इतकी खूश होतीस की माझ्याच्याने काही बोलवेना. आपल्या घरात माया अशीच करतात, असं मी तेव्हा समजलो. पुढे मोठा झालो आणि तुझ्या कुजलेल्या बीवरून तुला डिवचत राहिलो. वाटायचं, कधीतरी चिडशील आणि सांगशील. बेचाळीस वर्षं वाट पाहिली. तू प्रत्येक वेळी हसलीस. आता सांगितलंस, तेही मला लागावं म्हणून.

त्या मुलीला खरं बोलायला अठरा दिवस पुरले.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो. शेडपासून ट्रेपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाले की एवढं मनाला लावून घेऊ नका, सगळीकडे असंच चालतं, फक्त पुढच्या वेळी दोरे वगैरे नीट बघून घेत जा. तुमच्या वर्गाचा तो फोटो आता कार्यक्रमाच्या पुस्तिकेवर येणार आहे. मी गाडीच्या किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि गोदामात जागा मागितली. ती लगेच मिळाली. माझी खुर्ची त्याच पत्र्याखाली आहे. ही चार दिवस माझ्याशी बोलली नाही. काल तिने रिकामे ट्रे धुऊन ठेवले आणि गॅलरीत कपडे वाळत घातले.

सोबतच्या लिफाफ्यात एक टीपकागद आहे, जपून उघड. त्या बुधवारी ग्लासांतून काढलेले कागद मी गाडीतल्या बादलीत कोंबले होते, ते एकेक करून सोडवले. हा तेविसावा. वाळून कडक झालाय, पण दोन्ही टाके जागच्या जागी आहेत आणि बी त्यांच्यात आहे. तिला दे. उगवलं नाही, एवढंच सांग, आणि तिचं आहे म्हणून सांग.

यापुढे मला कोंब म्हणून लिहू नकोस. ते नाव तुझं होतं. लोभाचं काय करायचं, ते तू ठरव.

तुझा
भाऊ