घरचा वास

२८ सप्टेंबर
पोचले एकदाची! दुबई मरीना, एकतिसावा मजला. खाली पांढऱ्या नौका आणि वर मी, चिपळूणची शुभ्रा. वसंतराव स्वतः विमानतळावर न्यायला आले होते. मसाल्याचा धंदा असून माणूस गोड बोलतो. घरात ते, कुमुदताई, लेक इशिता आणि स्वयंपाकाला मालवणच्या सत्यभामाबाई. शिवाय ज्यांच्यासाठी मी पुण्याच्या पशुवैद्याकडची नोकरी सोडली, ती मंडळी: काचेच्या खोलीतल्या ऑस्ट्रेलियन सापसुरळ्या. आपल्याकडच्या वीतभर असतात. या हातभर, काटेरी शेपटीच्या. आजा, आजी, आईबाप, पोरं असं एकच कुटुंब, तापलेल्या दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर पडून असतं.

जनावर निसटू नये म्हणून बाहेरच्या दाराला आतूनही बोटाचा ठसा लागतो. माझ्या उजव्या तर्जनीचा घेतला. कुमुदताई म्हणाल्या, झालीस बघ आता घरातली. आत्याकडे, मग काकाकडे, मग होस्टेलवर वाढलेल्या मुलीला हे ऐकायचीच भूक असते. मला चक्क रडू आलं.

१ ऑक्टोबर
घर जरा तऱ्हेवाईक आहे. दुबईत राहून एसी बंद! सापसुरळ्या जिभेनं वास घेऊन आपला-परका ओळखतात, म्हणून मला कुमुदताईंची वापरलेली शाल सतत पांघरायची आहे आणि साबण अजिबात लावायचा नाही. इशितानं मला हुंगून इंग्रजीत फर्मावलं, शी स्मेल्स फनी. मी म्हटलं, बये, मासळी खाऊन वाढलेय. कोणी हसलं नाही.

सत्यभामाबाईंनी भांडी घासता घासता बजावलं, शाल अंगावेगळी करू नकोस. त्या लंगडतात आणि या उकाड्यात मोजे घालतात. मी चेष्टा केली, काश्मीरला चाललात की काय? त्यांनी पाय ओट्याखाली ओढून घेतला.

६ ऑक्टोबर
वसंतरावांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून सापसुरळीची एक नवी मादी आणली. मी नाव ठेवलं नवरी. तिला थोडे दिवस वेगळं ठेवा, आधीच्या सापसुरळ्यांच्या वासाची माती तिच्या पेटीत घाला, मग हळूहळू सोडा, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला सरळ आत सोडलं.

११ ऑक्टोबर
बाकीच्या सापसुरळ्यांनी नवरीची बोटं खाल्ली. आधी पुढच्या उजव्या पायाची. तिनं पळायचा प्रयत्न केला, लपायला जागा नव्हती. दगडाखालची कपार कुमुदताईंनी सकाळीच बुजवली होती. काचेसमोर खुर्च्या मांडून सगळे चिवडा खात बघत होते. मी तिला बाहेर काढायला गेले तर कुमुदताईंनी माझा दंड धरला. राहू दे म्हणाल्या, घर असंच लागतं. वसंतराव म्हणाले, टिकली तर आपली, नाहीतर खलास.

मला त्यांची किळस आली. तरी चिवडा पुढे केला तेव्हा मी घेतला.

१५ ऑक्टोबर
नवरी मेली. शेपूट दोन दिवसांपूर्वीच गेली होती.

दुपारी काचेच्या खोलीत डोकावले. वसंतराव, कुमुदताई, इशिता, सत्यभामाबाई दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर डोकी टाकून पडले होते. सापसुरळ्या त्यांच्यावर. सत्यभामाबाईंच्या पायात मोजे नव्हते. डाव्या पायाला दोनच बोटं. कुमुदताईंनी डोळे न उघडता मला बोलावलं. भीती वाटली. पण शाल घट्ट लपेटून मी जाऊन पडले. खरं सांगते, बरं वाटलं. कोणीतरी माझ्या मानेवर डोकं ठेवलं.

२० ऑक्टोबर, सकाळ
आज नरकचतुर्दशी. पहाटे आंघोळ न करणारा नरकात जातो, आत्या म्हणायची. तिनं बांधून दिलेलं उटणं काढलं, तेल लावलं, कढत पाण्यानं खसाखसा न्हाले. किती दिवसांनी! शाल काढून नवीन साडी नेसले आणि हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना नमस्कार केला.

त्यांनी मला ओळखलंच नाही.

कुमुदताईंनी विचारलं, कोण तू? मी हसले. मग त्यांची जीभ बाहेर आली, हवेत फिरली, आत गेली. इशिता म्हणाली, शी स्मेल्स राँग.

दुपार
डाव्या हातानं लिहितेय. कशीबशी सुटून, वही घेऊन बाथरूममध्ये शिरलेय. कडी लावलीय. फोन हॉलमध्ये.
वसंतराव आणि कुमुदताईंनी धरलं. सत्यभामाबाईंनी पाय धरले, रडत होत्या, पण धरले. इशितानं दातांनी—
उजवी तर्जनी. मुळापासून.
साडी फाडून बांधलंय. थांबत नाही.
दार. दाराला तेच बोट लागतं.

थोड्या वेळानं
बोट सापसुरळ्यांच्या खाण्याच्या ताटलीत टाकलंय. वसंतराव बाहेरून सांगून गेले, अगदी गोड आवाजात. हवं तर काचेच्या खोलीत येऊन घे म्हणाले. खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. चकलीचा डबा उघडला.

शाल इथंच खुंटीवर आहे. पांघरली. त्यांचा वास येईल. आत जायचं, ताटलीतलं उचलायचं, दाराला लावायचं, पळायचं.
पण उटणं. केसांत, कानामागे. घासतेय, घासतेय, जात नाही. अजून दिवाळीचा वास येतोय माझ्या अंगाला—

दाराच्या फटीतून काहीतरी आत आलंय. गुलाबी. ओलं.
माझा पाय चाट—
कुमुदताई, मी आहे, मी घरातली, मी घर—