दाटपणाची पैज

जालना, गुरुवार, संध्याकाळ

आज निखिलने आमच्या एमआयडीसीतल्या छोट्या लॅबमध्ये कंप्युटर बसवला. ह्यांनी आयुष्यभर मोजलेले आकडे त्यात भरलेत. करंजाचं बायोडिझेल किती, साधं डिझेल किती, एवढं सांगितलं की मिश्रण किती दाट होईल ते कंप्युटरच सांगतो.

"आई, आता मोजत बसायचं काम न्हाई," लेक म्हणाला.

मोजत बसायचं काम. हे होते तेव्हा आमची पैज असायची. काचेच्या नळीतून तेल उतरायला किती वेळ लागतो त्यावरून दाटपणा कळतो; ते सोडण्याआधी दोघांनी आकड्याचा अंदाज सांगायचा, हरेल त्याने चहा करायचा. हे म्हणायचे, "घनतेचं, म्हणजे लिटरमागे वजनाचं, सरासरीने जमतं, दाटपणाचं बिलकुल न्हाई. जरा डिझेल पडलं की लगेच पातळ होतं." तरी मी सरासरीच धरायची. मुद्दाम? कोण जाणे. ह्यांना जिंकताना बघायला आवडायचं.

आज हट्टाने नळी धुतली, तेल सोडलं. कंप्युटर चुकावा, एवढंच मनात होतं. चुकला असता तर उद्याही मोजायला बसता आलं असतं, ह्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी.

आकडा तंतोतंत जुळला.

"बघ, बराबर आलं ना? मंग या नळ्या बांधून ठेवू." केवढा खुश होता. बापाचं काम त्याने इतकं जपलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या जुन्या सवयीने थँक यू म्हणाले आणि नळ्या मीच कागदात गुंडाळल्या. हे गेले तेव्हा निरोप द्यायला घर भरलं होतं. आज एकटीनेच दिला.