गाडी नसलेला शुक्रवार

बाबा, आज भात लागला. पातेल्याच्या बुडाशी चांगली काळी खरपुडी धरली आणि वास पार ओसरीपर्यंत गेला. सून धावत आली आणि म्हणाली, आई, तुम्ही गॅसपाशीच तर उभ्या होता. मी म्हटलं, काय करू, गाडीच आली नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की म्हातारीचं आता काही खरं नाही. तिला समजावून सांगायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तिला पोरांचे डबे भरायचे होते. म्हणून तुम्हाला लिहून सांगत बसले आहे. तुम्हाला पहिल्यापासून सांगायची गरज नाही, आणि तुम्हाला घाईही नाही.

आपला भात गाडीवर शिजायचा. आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून त्या छोट्या लाईनवरच्या स्टेशनमास्तरच्या क्वार्टरात आपण दोघंच, आणि स्वयंपाक म्हणजे तुमच्या दोन कामांच्या मधे उरेल ती फट. पलीकडच्या स्टेशनातून गाडी सुटल्याचं कळलं की तुम्ही टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे, आणि ते ऐकून मी चुलीवर भात चढवायची. गाडी आपल्या फलाटावर आली की जाळ कमी करायचा. ती सुटून वळणाआड गेली, शिटी ऐकू येईनाशी झाली, की पातेलं उतरवायचं. झाकण काढून बघायची आपल्याला सवयच नव्हती. गाडी लेट झाली की भात मऊ व्हायचा आणि तुम्ही म्हणायचे, आज इंजिनात कोळसा खराब दिसतो. मला वाटायचं, सगळ्या जगात भात असाच शिजतो.

मग ते हिवतापाचं वर्ष आलं. पावसाळा सरला तरी ताप काही सरला नाही. ड्रायव्हर पडले, फायरमन पडले, तुमचा पोर्टर गोधडीत कुडकुडत गावाला गेला तो गेलाच. आधीच जागा रिकाम्या, त्यात हे. वरच्या ऑफिसातून कागद आला की रोजची गाडी बंद, आता सोमवार, बुधवार आणि शनिवार एवढीच धावेल. तुमच्याकडे ते वर्किंग टाइमटेबलचं जाड पुस्तक होतं, फक्त रेल्वेच्या माणसांसाठी असलेलं. कोणती गाडी कुठे थांबेल, कुठे दुसरीला वाट देईल, सगळं त्यात. त्याच्या पानांवर तुम्ही भाताच्याच पेजेनं दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत बसायचे, आणि ते पुस्तक आजाऱ्यासारखं सुजत गेलं. गाडी नसेल त्या दिवशी स्टेशन बंद, तारेच्या यंत्राकडे कान ठेवला की झालं. पण त्या दिवशी टोलेही नाहीत. त्यामुळे आपण एक तर कच्चा भात खाल्ला, नाही तर करपलेला.

नेमकं त्याच वर्षी माझं लग्न ठरलं होतं. वडशाकडचे धान पिकवणारे लोक, मुलगा धानोऱ्याच्या शाळेत मास्तर. मुहूर्त शनिवारचा. ठरवला तेव्हा रोज गाडी होती आणि एका दिवसासाठी बदली मास्तरही मिळाला असता. आता शनिवार म्हणजे गाडीचा दिवस, आणि तुमच्या जागी उभं राहायला कुणी नाही. तुम्ही रजेचा अर्ज पाठवला, पुन्हा पाठवला, उत्तर नाही. काका-काकू लग्न लावायला येणार होतेच, आई नव्हती म्हणून कन्यादान त्यांच्याच हातून व्हायचं होतं. नातेवाईक म्हणाले, मग अडलं कुठं? बाप फलाटावर असेल, मांडवापासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही उठलात आणि त्या पुस्तकात नवी चिठ्ठी चिकटवायला लागलात. मला इतका राग आला की मी तुमच्याशी बोलणंच टाकलं. मला वाटलं, झालं, यांनी गाडी निवडली.

तुम्ही काय करत होता ते मला भटजी घरी आले तेव्हा कळलं. तुम्ही त्यांच्या एका मांडीवर पंचांग ठेवलं आणि दुसऱ्या मांडीवर ते सुजलेलं पुस्तक. म्हणालात, महाराज, याच्यात मुहूर्त असेल आणि त्याच्यात गाडी नसेल असा दिवस काढा. भटजींनी आयुष्यात गुण जुळवले, नाड्या जुळवल्या, पण रेल्वेशी पत्रिका जुळवायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. बिचारे बराच वेळ दोन्हीकडे बोट ठेवून बसले. शेवटी गुरुवार निघाला. अडचण एकच. वऱ्हाडाला बुधवारच्या गाडीनं यावं लागणार आणि परतीची गाडी थेट शनिवारी, म्हणजे मधला अख्खा शुक्रवार त्यांना इथेच काढावा लागणार. तिकडे धानाचे पुंजणे खळ्यावर लागलेले, मळणीचे दिवस. असा निरोप मुलाकडच्यांना कोण देणार? ज्या दिवशी गाडी त्या दिवशी तुम्हाला सुटी नाही, आणि ज्या दिवशी सुटी त्या दिवशी गाडी नाही. तुम्ही गार्डाच्या हाती चिठ्ठी पाठवली, आणि पुढच्या गाडीनं व्याही स्वतःच येऊन उभे राहिले. रागानंच आले होते. त्यांना परतीची गाडी पकडून लगेच जायचं होतं.

मी खिडकीच्या आत उभी. ते म्हणाले, दिवस बदलला तर सोयरीक राहते की नाही सांगता येत नाही. वऱ्हाड घेऊन तीन-तीन दिवस कोण बसतं, आणि लग्न लावायला काका आहे ना. तुम्ही शांतपणे म्हणाला, "लगन तेच लावतीन. पण मी मांडवात पायजे. नाईतं माही पोरगी अक्षदा पडताना इंजिनाची शिटी आयकन, न म्हणन, बाबा तिकडं हाय. असं मले नाई पायजे."

बाबा, इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी कधी विसरले नाही. त्या आधी तुम्ही माझ्याविषयी कुणाशी एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

व्याही काही म्हणणार तेवढ्यात त्यांची गाडी यायची वेळ झाली, आणि तुम्ही बोलणं अर्ध्यावर टाकून उठलात. टोले दिले, खिडकीत बसून तिकिटं फाडली, मग पोर्टर नाही म्हणून स्वतःच रूळ बदलायच्या सांध्याकडे धावलात, सिग्नल पाडला, वेताच्या रिंगणात लाईन क्लिअरचा, म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याचा, कागद अडकवून ड्रायव्हरच्या हाती दिला, एका म्हातारीचं गाठोडं डब्यात चढवलं, आणि झेंडी घेऊन जागेवर आलात. कोटाची पाठ घामानं ओली. व्याही हे सगळं बघत उभे. त्यांनी विचारलं, तुमच्याजवळ दुसरा माणूसच नाही का? तुम्ही म्हणाला, नाही. गाडी हलली, ते धोतर सावरत डब्यात चढले आणि दारातूनच म्हणाले, "मंग गुरुवारीच करा. धान काई पळून नाई जात." तुमच्या तोंडात शिटी होती, त्यामुळे तुम्ही नुसती मान हलवली. मी त्या दिवशी तुमच्याशी बोलायला लागले, हे तुमच्या ध्यानात आलं होतं का कुणास ठाऊक.

गुरुवारी लग्न झालं. मालधक्क्यावर मांडव, फलाटभर पळसाच्या पत्रावळींची पंगत, आणि वाढप्यांना कुणी ओरडत नाही की बाजूला व्हा, गाडी येते आहे. तुम्ही धोतर आणि पांढरा सदरा घालून माझ्या समोर उभे होता. काळ्या कोटाशिवाय तुम्ही मला थोडे लहान दिसलात. शिटी कुठूनही वाजली नाही.

पण मला खरी आठवण आहे ती शुक्रवारची. सकाळ झाली आणि तुम्हाला काय करावं सुचेना. दोनदा जाऊन सिग्नल बघून आलात, जसं काही तो पळून जाणार होता. वऱ्हाड मालधक्क्यावर पत्ते कुटत होतं, व्याही खळ्याच्या काळजीनं थोडा वेळ उसासे टाकत आणि मग डाव लागला की खळं विसरत. ढिवरांनी तळ्यातले मासे आणून दिले, आणि तुम्ही ते स्वतः रांधायला बसलात. जावयाला बोलावून घेतलंत खवले काढायला. बिचारे शाळामास्तर, नवी टोपी घालून खवले काढत बसले, अर्धे टोपीवर. मी हसले तर तुम्ही मला डोळ्यांनी दटावलंत, आणि मग स्वतःच हसलात.

भात चढवायची वेळ आली तेव्हा तुम्ही एकदम गंभीर झालात. माझ्याकडे वळून म्हणाला, "धानोऱ्याले रेल्वे नाई. तू भात कसा शिजवशीन?"

मला आधी वाटलं थट्टा करता आहात. पण तुम्ही खरोखरच काळजीत होता. पोरीचा संसार कसा होईल, सासू कशी वागेल, यातलं तुम्ही काहीच विचारलं नाहीत. भाताचं तेवढं विचारलंत. मग आपण दोघंही चुलीपुढे बसलो. तुम्ही झाकण काढायचे, शीत बोटांत दाबून बघायचे, माझ्या बोटांवर ठेवायचे. अजून कच्चं. थोडं थांब. आता बघ. असे आपण दोघं डोक्याला डोकं लावून, टोल्यांची वाट न बघता, पहिल्यांदाच भात शिजताना बघत होतो. तो भात चांगला झाला. व्याह्यांनी दोनदा मागून घेतला. गाडी नसलेले दिवस आधीही आले होते, पण असा अख्खा दिवस तुम्ही मला कधी दिला नव्हता, आणि त्यासाठी लाईनवरची माणसं आजारी पडावी लागली, हे म्हणायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

संध्याकाळी तारेचं यंत्र कडकडलं. तुम्ही आत गेलात आणि बाहेर आलात ते हसू दाबत. तुमची रजा मंजूर झाली होती. बदली मास्तर उद्याच्या गाडीनं येतो आहे. व्याह्यांना इतकं हसू आलं की हातातले पत्ते खाली पडले.

शनिवारी तो आला. कोवळा, तापातून नुकताच उठलेला, समजूतदार मुलगा. त्यानं मांडव बघितला, मला बघितलं आणि तुम्हाला म्हणाला, मास्तर, आज तुम्ही मुलीपाशी उभे राहा, झेंडी मी दाखवतो. मला वाटलं, देव पावला. तुम्ही माझ्या डब्याच्या खिडकीशी आलात. रिकाम्या हातांनी. गजावर हात ठेवलात, काढलात, सदरा नीट केलात, डबा घेतला का विचारलंत, पुन्हा तेच विचारलंत. मग अचानक वळलात, त्या मुलाकडे गेलात आणि म्हणालात, "द्या इकडं. हे गाडी मीच सोडतो."

क्षणभर मला जुनाच राग आला. पण तुम्ही झेंडी हातात घेतली आणि ताठ उभे राहिलात. तेव्हा मला कळलं की पोरीला दुसऱ्या कुणाच्या झेंडीवर तुम्ही जाऊ देणार नव्हता. तुम्हाला मिठी मारून रडता येत नव्हतं, एवढं येत होतं. तुम्ही ती अगदी वेळेवर दाखवलीत, आणि वळण येईपर्यंत खाली घेतली नाहीत.

धानोऱ्याला अजून रेल्वे आली नाही, बाबा. मी एवढी वर्षं शीत दाबूनच भात केला आणि तो सहसा चांगलाच होतो. आज मात्र लांब कुठेतरी ट्रकचा भोंगा वाजला आणि मी उगाच थांबले, गाडी येऊन वळणाआड जायची वाट बघत. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी डब्यात माझे डोळे वाहायला लागले, तेव्हा मी यांना म्हणाले, डोळ्यात इंजिनाचा कोळसा गेला. यांनी खिडकी लावून घेतली. पण बाबा, त्या दिवशी वारा जंगलाकडे होता, आणि धूर सगळा पलीकडच्या बाजूला जात होता.