भावोजींनी काढलेला माझा आवाज

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो. कंबरेत लचक भरली, ती अजून उतरलेली नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाचीची परीक्षा आटोपली का? दोन वर्षं तू माझ्याशी एक अक्षर बोललेली नाहीस, तेव्हा उत्तराची आशा धरून विचारत नाही; पत्राला सुरुवात कुठून तरी करायला हवी. माझी प्रकृती ठणठणीत. चौदा महिने झाले, थेंबाला शिवलेलो नाही. तुझा विश्वास बसणार नाही आणि बसूही नये. मागे चौदा दिवसांतच "सुटली, सुटली" म्हणून मी गावभर सांगत फिरलो होतो.

तर बातमी अशी की माझ्यावर सिनेमा निघतोय. हसू नकोस. व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर मी चित्रं काढायचो, ती एका मुलीने पाहिली. ती अ‍ॅनिमेशनचे माहितीपट करते, म्हणजे माणसं खरी, हकीकत खरी, पण पडद्यावर सगळी चित्रं. म्हटलं चला, चित्रकार म्हणून जन्मात कुणी विचारलं नाही, निदान दारुडा म्हणून तरी नाव होईल. (नाक त्यांनी असं काढलंय की दारात माझ्याआधी ते पोचतं.) एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. तुझ्या जिन्यावरून मी गडगडलो होतो ना, ते काम मी डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकलं होतं. इथे तीन पोरी आठवडाभर मान मोडून मला पाडतायत. अधूनमधून माझ्याकडे बघतात, त्या नजरेत आदर नसतो.

घोडं अडलं ते आवाजापाशी. प्यायलेला असतानाचा माझा आवाज मीच द्यायचा असं ठरलं. अकरा वर्षांचा रियाज, त्यामुळे तालीमसुद्धा केली नाही. काचेच्या खोलीत उभा राहिलो, जीभ जड केली, जरा झोकांड्याही खाल्ल्या. पाचव्यांदा थांबवून आवाज रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने अगदी नम्रपणे विचारलं, "काका, प्यायलेला माणूस तुम्ही कधी जवळून पाहिलाय का?" ताई, काय सांगणार त्याला? कधीच पाहिला नव्हता. मी कायम त्याच्या आत होतो.

आता पुढचं वाच, पण भावोजींवर चिडू नकोस. दर शनिवारी ते दाताच्या डॉक्टरकडे जात नाहीत. (इतके दात त्यांना आहेत तरी कुठे?) ते मला स्टुडिओत सोडायला येतात आणि मी वाटेत कुठे वळत नाही ना, यावर नजर ठेवून बाहेरच्या बाकावर बसतात. त्या दिवशी दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू जात होतं. गणिताच्या मास्तराला चुकीचं उत्तर सोसत नाही. उठले, चष्मा पुसला, "तो असा नाही बोलायचा" म्हणाले आणि थेट काचेच्या खोलीत शिरले. खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून परत ठेवणारा हा माणूस असा काही तर्र झाला की अख्खा स्टुडिओ पोट धरून हसला. प्रसंग त्यांनी घेतला तो तुझ्या दाराबाहेरचा, भरदुपारी, घरात पाहुणे बसलेले असतानाचा. आधी लाडीगोडी, मग धमक्या, मग आईची शपथ, मग रडणं. शब्दन् शब्द, मधल्या उचक्यांसकट. मीही हसत होतो. मग "ताई, दार उघड, मी प्यायलो नाहीये" हे त्यांनी सतरा वेळा म्हटलं. माझ्या समजुतीप्रमाणे मी ते एकदाच म्हणालो होतो. सहाव्या-सातव्या वेळेनंतर कुणी हसेना. मला माझी इतकी लाज वाटली की बाहेर जाऊन त्यांच्या बाकावर बसून राहिलो.

आवाज पहिल्या झटक्यात पास झाला. भावोजी दोन ग्लास पाणी प्यायले आणि त्यांनी मला घरी सोडलं.

भाचीला आशीर्वाद. बाकी माझं काही मागणं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : चित्रात तुला जरा बारीक दाखवायला सांगितलंय. पोरी तयार आहेत.

ता. क. २ : मागणं आहे. दाराबाहेरचं सगळं काढून झालं, आतल्या बाजूचा कागद मात्र कोरा आहे. मी सतरा वेळा हाका मारत होतो तेव्हा तू आत काय करत होतीस, ते मला माहीत नाही. भावोजींना विचारलं तर म्हणतात, ते तिचं आहे, तिलाच विचार. दिग्दर्शिका म्हणते, कोरंच ठेवू, छान दिसेल. सिनेमाचं त्यांचं ते बघतील, मला कळायला हवंय. एकदा फोन कर. शिव्या दिल्यास तरी चालतील, मी फोन ठेवणार नाही.

ता. क. ३ : भावोजी म्हणाले, तुझाही आवाज त्यांना हुबेहूब काढता येतो. मी नको म्हटलं.