बत्तीस युनिटांची थाप

२ मार्च

लागलं काम! पेट्रोलपंप झाला, बोटीवरची तिकिटं झाली, आता मीटर. या गल्लीतली चाळीस घरं. दर महिन्याच्या दोन तारखेला जायचं, विजेच्या मीटरवरचा आकडा बघायचा, कागदावर उतरवायचा. बस्स. नववी नापासला एवढं जमतं.

संस्थेची मोहीम आहे — एक तास अंधार. पाच एप्रिलला संध्याकाळी सात ते आठ सगळ्यांनी दिवे बंद करायचे. मग मार्चचा वापर आणि एप्रिलचा वापर शेजारी ठेवून बघायचं, लोकांच्या सवयी सुधारल्या का. आमच्या मुख्य बाईंना खात्री आहे, सुधारणारच. बोलता बोलता घोषणा देतात. चहा मागतानासुद्धा! मी त्यांचं नाव घोषणाबाई ठेवलंय. ऑफिसच्या मागच्या खोलीत पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपायला दिलंय. पत्रकं बोचतात.

४ मार्च

सतरा नंबरच्या काकू ओळखीच्या झाल्या. शाळेचे गणवेश शिवतात. मशीनला मोटर आहे, नुसती घूं घूं. मी दारात उभी राहून बघत बसले तर म्हणाल्या, "ए भटके, बघतेयस तर बटणं तरी लाव!" लावली अकरा.

आत पलंगावर काका. भिंतीकडे तोंड. मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे — एकोणतीस वर्षं. मग बटणाची लिफ्ट आली आणि यांना घरी पाठवलं. दीड वर्ष झालं. "जेवायला उठतात," काकू म्हणाल्या, "तेही मी दोनदा ओरडले तर."

मी त्यांना विचारलं, सगळ्यात वरून काय दिसायचं? भिंतीकडूनच म्हणाले, "लिफ्टला खिडकी नसते."

२ एप्रिल

आज एक सोफा हवेत बघितला! एकोणीस नंबरच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्यातून जाईना म्हणून दोर बांधून खिडकीतून चढवला. सहा माणसं ओढतायत, खाली पन्नास शहाणे. "डावीकडे घ्या!" "अरे तुमची डावी की आमची डावी?" दीड तास उभी होते. एक पाय निसटून कुणाच्या तरी छत्रीवर पडला. सोफ्याचा पाय.

संध्याकाळी कागद पूर्ण करताना लक्षात आलं — सतरा राहिलं. मीटर मागच्या बोळात आहे, जिन्याखाली, वाकून बघावं लागतं. परत कोण जाणार! मागचा आकडा ६२१४ होता. पुढे ६३९० टाकला. नव्वद छान दिसतं.

५ एप्रिल

सात वाजता भोंगा झाला आणि गल्ली काळी झाली. टाळ्या, शिट्ट्या, लोक गच्चीवर. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. आकाश एवढं खाली येतं हे माहीत नव्हतं.

मग फिरून बघितलं. दिवे बंद, टीव्ही चालू! तेवीस नंबरचे आजोबा म्हणाले, "दिव्यांचं बोलला होतात. टीव्हीचं कुठे बोललात?" अंधारात टीव्ही थेटरसारखा दिसतो म्हणे. फोटोत सगळं नुसतंच काळं येऊ नये म्हणून फोटोवाल्यानं दोन मोठे दिवे लावले. घोषणाबाईंच्या भाषणाला जनरेटर. आठ वाजता सगळं भपकन सुरू. बारा नंबरच्या बाईंनी एसी सोळावर नेला, घामाच्या तासाची भरपाई. "एवढं केलं की आपण!"

एवढं केलं की. आज हे वाक्य सात घरांत ऐकलं. तासभर चांगलं वागून महिनाभराची सूट.

सतरामध्ये काका तसेच, भिंतीकडे. दिवे होते तेव्हाही तसेच. काकू मशीनवर हात ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, "तासभर रिकामं बसायचं कसं असतं गं? विसरलेच."

३ मे

काल तिसरे आकडे घेतले. सगळे खरे, वाकून वाकून. आज बेरीज-वजाबाकी झाली. तीन घरं जरा खाली, पाच जरा वर, बाकी जिथल्या तिथं. घोषणाबाईंचा चेहरा पडला.

आणि मग सतरा! मार्च १७६ युनिट, एप्रिल ११२. बाई उडाल्याच. "बघा! एक दिवा पेटला की—" पुढचं ऐकलं नाही. कागदावर माझ्याच हातचा तो ६३९०.

रात्री नव्हे, तिथल्या तिथं बसून हिशेब केला. दोन महिन्यांचे मिळून २८८, निम्मे १४४, म्हणजे खरा मधला आकडा ६३५८ असणार. मी बत्तीस जास्त लिहिले. तेवढा मार्च फुगला, तेवढा एप्रिल आटला. त्या घरानं दोन्ही महिने सारखेच जाळलेत — १४४. काहीही बदललेलं नाही. बोलायला तोंड उघडलं होतं. पण बाई फोनवर पाटी रंगवायला सांगत होत्या.

९ मे

पाटी लागली. "आदर्श घर". हिरवी, चार स्क्रूंची. अट अशी, की मे महिनाही ११२ च्या आत राहिला तर पाटी वर्षभर राहणार, नाहीतर परत घेणार.

काका उठून दारापर्यंत आले! शर्ट घातलेला, भांग पाडलेला. पाटीवरून हात फिरवला. घोषणाबाईंनी विचारलं, कसं साधलंत? काकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "लक्ष ठेवतो आम्ही." टाळ्या. मी बुटांकडे बघत होते. डावा फाटलाय.

१४ मे

काका रोज दहाला बाहेर पडतात. घरोघरी. "फ्रीजचं दार किती वेळ उघडं ठेवता?" लोक हसतात — "काय लिफ्टवाले, आज कुठल्या मजल्यावर नेताय?" तेही हसतात! परत येऊन पोटभर जेवतात, ओरडावं लागत नाही.

पण आज मशीनचा आवाज वेगळा आला. खट्-खट्-खट्. मोटर नाही. काकांनी काढून माळ्यावर ठेवलीय. इस्त्रीही बंद — कपडे गादीखाली दाबतात. काकू पायानं मशीन मारतायत. साठ गणवेश, शाळा उघडायच्या आत.

"व्यायाम होतो," म्हणाल्या.

१९ मे

काकूंचा उजवा गुडघा नारळाएवढा झालाय. उठताना टेबलाला धरतात, मग भिंतीला, मग हसतात.

मला राहवलं नाही. काका फेरीवर होते. बसले आणि सगळं सांगितलं — सोफा, बोळ, नव्वद. वाटलं झाडू फेकून मारतील. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक?"

"त्या दिवशी मी बोळातच कपडे धूत होते, सकाळपासून. मीटरच्या खाली माझी बादली. तू आली असतीस तर माझ्या डोक्यावरून जावं लागलं असतं." मग सुई ओवत, "सोफा मीही बघायला आले असते. पण साबण लागलेला."

मी म्हटलं, मग बोला ना! मोटर लावा! गुडघ्याचं काय करून घेतलंत!

"दीड वर्ष तो माणूस भिंत बघत होता. गुडघे दोन आहेत मला. तू त्यांना काही बोलायचं नाहीस. शपथ घे." घेतली.

२० मे

पत्रकांवर झोप येत नाही. मी सोफा बघितला त्याचं हे झालं!

२६ मे

निघून जावं. बोटीवर परत घेतील. पिशवी भरली. मग मोजे वाळत टाकलेत ते आठवलं, मग मोजे वाळेपर्यंत सतरावरून एक चक्कर टाकली. आले ती बोळातूनच.

काका मीटरसमोर वाकलेले, वहीत लिहीत होते. रोजचा आकडा टिपतात. मला बघून सरळ झाले.

"तो नव्वद तुझाच ना?"

मी मीटरकडे बघितलं. शपथ होती.

"पाटी लागली त्या संध्याकाळी जुनी बिलं काढली. म्हटलं बघू तरी आपण काय वाचवलं. जानेवारी एकशे त्रेचाळीस. फेब्रुवारी एकशे पंचेचाळीस. कुठे काही वाचवलेलं नाही." वही मिटली. "एकोणतीस वर्षांत कुणी माझ्या नावानं चांगलं काही लिहिलं नव्हतं, पोरी. लिहिलं ते चुकून. मग म्हटलं, खरं करून टाकू."

"काकूंचा गुडघा—"

"तिला आनंद आहे पाटीचा. तिला काही कळू देऊ नकोस. सात दिवस राहिलेत."

म्हणजे आता दोघांच्या मधली गोष्ट माझ्या एकटीच्या पोटात. ओरडावंसं वाटलं. चाळीस घरांत एकाच घरानं सवय बदलली — आणि तीही अंधारानं नाही, भाषणानं नाही. माझ्या आळसानं! घोषणाबाईंना हे सांगितलं तर पत्रक छापतील.

मोजे वाळले नव्हते.

१ जून

काकू आज एकदाही उठल्या नाहीत. पाणी मी दिलं. बटणं लावली, बत्तीस. मोजून.

२ जून

सतरा नंबरचं मीटर. वाकून, बॅटरी मारून, दोनदा वाचलं. ६६१३. वजाबाकी — एकशे अकरा.

माझ्या थापेहूनही एक कमी.

खरा आकडा लिहिला. मग घरात गेले. काका खुर्चीत, काकू मशीनवर, पाय स्टुलावर. दोघं माझ्याकडे बघत होते. शपथ मोडली. म्हटलं, मधला आकडा मी मनानं लिहिला होता. आणि ते काकूंना माहीत आहे. आणि काकांनाही.

काकूंनी डोळे मिटून घेतले. काका उठले. मला वाटलं, संपलं, चालले पलंगाकडे.

त्यांनी काकूंचा पाय हळूच उचलून आपल्या खुर्चीत उशीवर ठेवला, आणि स्टूल ओढत माळ्याकडे गेले.